आधीं शब्दाचा हिशेब

व्यापारांत आंकड्याला मान फार. जमाखर्चाच्या वहींत एका रुपयाची चूक निघाली तर मुनीम रात्र रात्र जागून ती शोधून काढतो. परंतु ज्या शब्दापुढें तो आंकडा मांडलेला असतो, त्या शब्दाचा अर्थ सर्वांच्या मनांत एकच आहे कीं नाहीं, याची चौकशी करण्यास सहसा कोणी बसत नाहीं. वही एका दुकानाची आणि ती लिहिणारा व वाचणारा एकच, अशी स्थिति होती तोंपर्यंत यानें फारसें बिघडत नसे. आज ती स्थिति पालटली आहे. दुकान, जिनिंग कारखाना, बाजार समिति, पतपेढी, विमा कंपनी व सरकारी कचेरी या सर्वांच्या वह्या संगणकांत गेल्या असून एकाची वही आतां दुसऱ्याचा संगणक वाचूं लागला आहे. संगणक आंकडा बिनचूक वाचतो. शब्दाचा अर्थ मात्र कोणीं सांगितल्यावांचून त्यास कळत नाहीं. तो अर्थ त्यास कसा सांगावा, व तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आमचे विचार मांडावे, असा या लेखाचा हेतु आहे.

आपल्या गांवाच्या नांवापासूनच आरंभ करूं. शिरपूर म्हटलें कीं आपल्यापुढें तापीच्या उत्तरेकडील, धुळें जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव उभें राहतें. परंतु वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतही एक शिरपूर आहे, व अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें तें जैन यात्रेकरूंत प्रसिद्ध आहे. गंमत अशी कीं, तें मालेगांवही आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतलें नव्हे! बोलण्याचा संदर्भ ऐकून माणूस हा भेद ओळखतो. यंत्र मात्र दोन्ही शिरपुरांचा माल बेलाशक एकाच खात्यावर चढवील. येथें नांव एक व वस्तु दोन. याच्या उलट प्रकार ज्वारीचा. रब्बीच्या ज्वारीस आपण खानदेशांत दादर म्हणतों, तर देशावर तिला शाळू म्हणतात. येथें वस्तु एक व नांवें दोन. शिवाय दादर हें मुंबईंतील एका वस्तीचेंही नांव आहेच.

तिसरा प्रकार याहून फसवा. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, आणि धुळें जिल्ह्याकडे धुळें, साक्री, शिंदखेडें व शिरपूर असे चार तालुके उरले. १९९५ सालचें ‘धुळें जिल्ह्याचें’ पीक व २००५ सालचें ‘धुळें जिल्ह्याचें’ पीक कोणीं शेजारीं शेजारीं मांडलें, आणि उत्पन्न घटलें असा निष्कर्ष काढला, तर त्यांत शेतकऱ्याचा कांहीं दोष नाहीं. शब्द तोच राहिला व त्याच्या खालची जमीन बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

आतां आपल्या प्रांताचें मुख्य पीक जो कापूस, त्याकडे वळूं. शेतकरी ‘कापूस’ म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत सरकीसकट वेचलेला कापूस असतो, व तो क्विंटलवर विकला जातो. जिनिंग कारखान्यांत त्याची रुई व सरकी वेगळी होते. रुई दाबून तिची १७० किलोंची गांठ बांधतात. आणि मोठा व्यापारी भाव बोलतो तो क्विंटलचाही नव्हे व गांठीचाही नव्हे, तर सुमारें ३५६ किलो रुईच्या खंडीचा. वर्तमानपत्रें या रुईसही पुष्कळदां ‘कापूस’च म्हणतात. शंभर क्विंटल कापसांतून ३४ क्विंटल रुई निघाली असें धरलें, तर तिच्या वीस गांठी होतात, आणि खंड्या होतात सुमारें साडेनऊ. माल एकच, पण चार वह्यांत त्याचे चार आंकडे. या चारही वह्यांतील ‘कापूस’ या सदराखालच्या आंकड्यांची बेरीज करण्यास संगणकास सांगितलें, तर तो क्षणार्धांत १६३.५ असें उत्तर देईल. बेरीज बरोबर, आणि उत्तर निरर्थक!

हा घोटाळा नवा नाहीं. पूर्वीं मणाचें वजन प्रांतोप्रांतीं निराळें असे. मुंबईचा मण सुमारें २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. धान्याच्या कोष्टकांत खंडी वीस मणांची, तर मुंबईच्या कापूसबाजारांत ती ७८४ पौंडांची. आजची ३५६ किलोंची खंडी ती हीच. पुढें १९५६ च्या कायद्यानें देशभर दशमान पद्धतीचीं वजनेंमापें ठरलीं, आणि शिरपुरांतला किलो व कलकत्त्यांतला किलो एक झाला. वजनाचा तंटा मिटला. परंतु किलो कशाचा, हा प्रश्न तसाच राहिला. तराजूंतील वजनावर सरकारी छाप आहे, पाटीवरील शब्दावर नाहीं.

आपल्या पूर्वजांस शब्दाचें हें महत्त्व ठाऊक नव्हतें असें मात्र कोणीं समजूं नये. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवछत्रपतींनीं राज्यकारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द ठरविण्याचें काम रघुनाथ नारायण हणमंते यांजकडे सोंपविलें, व त्यांतून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. या ग्रंथाची भाषेच्या दृष्टीनें नेहमीं वाखाणणी होते. परंतु त्याची मांडणीही तितकीच पाहण्याजोगी आहे. त्यांतील शब्द वर्णानुक्रमानें लाविलेले नाहींत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग असे दहा वर्ग पाडून, ज्या कारभाराशीं जो शब्द संबद्ध, त्या वर्गांत तो बसविलेला आहे. आणि शेवटचा वर्ग पण्यवर्ग, म्हणजे व्यापारी मालाचा. त्याहून कितीतरी जुन्या अमरकोशाची रचनाही वर्गवारच आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो, हें तत्त्व या दोन्ही ग्रंथांच्या मुळाशीं आहे. म्हणूनच हैदराबाद विद्यापीठांतील अभ्यासकांनीं अमरकोशांतील शब्दांचे परस्परसंबंध संगणकास समजतील अशा रीतीनें मांडले आहेत, आणि मुंबईच्या आय. आय. टी. संस्थेंत मराठी शब्दांचें अर्थजाळें ‘वर्डनेट’ या नांवानें तयार झालें आहे.

येथें कोणी विचारील कीं, सरकारनें प्रत्येक मालास क्रमांक दिलेला असतां आणखी काय पाहिजे? क्रमांक आहेत हें खरें. जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालवर्गीकरणाची पद्धति १९८८ पासून अंमलांत आहे, आणि १ जुलै २०१७ पासून आपल्याकडील वस्तु व सेवा कराच्या पावतीवर ‘एच. एस. एन.’ या नांवानें जो क्रमांक छापला जातो, तो याच पद्धतीवर आधारलेला आहे. पण एका कपाशीच्या बोंडाचा प्रवास या क्रमांकांतून पाहावा. न पिंजलेला कापूस ५२ व्या प्रकरणांत, ५२०१ या क्रमांकाखालीं. त्यांतून निघालेली सरकी १२ व्या प्रकरणांत, तेलबियांमध्यें. सरकीचें तेल १५ व्या प्रकरणांत, आणि उरलेली ढेप २३ व्या प्रकरणांत. कर बसविण्यास ही विभागणी सोयीची असेल. परंतु या चारही वस्तु एकाच बोंडाचीं लेंकरें आहेत, ही गोष्ट त्या क्रमांकांत कोठेंही लिहिलेली नाहीं. क्रमांकांनीं वस्तूंची यादी होते. वस्तूंचें नातें सांगावयास आणखी कांहीं लागतें.

तें ‘आणखी कांहीं’ म्हणजेच आजच्या संगणकशास्त्रांतील ऑन्टॉलॉजी. हा शब्द मूळ तत्त्वज्ञानांतला. जें आहे तें काय आहे व किती प्रकारचें आहे, याचा विचार करणारें तें शास्त्र. संगणकाच्या व्यवहारांत त्याचा अर्थ साधा आहे: एखाद्या धंद्यांतील वस्तु, माणसें व घटना यांचे प्रकार कोणते, त्यांचीं परस्परांशीं नातीं कोणतीं, आणि त्या नात्यांचे नियम कोणते, हें सर्वांनीं मिळून ठरवून लिहून ठेवलेला अर्थाचा आराखडा. जिनेव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत १९८९ सालीं ज्यांनीं ‘वेब’ची, म्हणजे माहितीच्या जागतिक जाळ्याची, कल्पना मांडली, त्याच टिम बर्नर्स-ली यांनीं २००१ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह असें प्रतिपादन केलें कीं, या जाळ्यावरील मजकूर केवळ माणसांस वाचतां येऊन भागणार नाहीं, त्याचा अर्थ यंत्रांसही कळला पाहिजे. यासाठीं जी लेखनपद्धति लागते ती आर. डी. एफ. या नांवानें १९९९ मध्यें, आणि आराखड्याचे नियम लिहिण्याची ‘आउल’ नांवाची भाषा २००४ मध्यें प्रमाण म्हणून मान्य झाली. या सर्वांस मिळून सिमँटिक, म्हणजे अर्थाचें, तंत्रज्ञान असें म्हणतात.

नांवें अवघड असलीं तरी पद्धति आमच्या विद्यार्थ्यांस व्याकरणाच्या तासाची आठवण करून देईल इतकी सोपी आहे. प्रत्येक माहिती तीन पदांच्या लहान वाक्यांत मोडावयाची. एक वस्तु, एक नातें, दुसरी वस्तु. ‘दादर ही ज्वारीचा प्रकार आहे.’ ‘ज्वारी ही तृणधान्याचा प्रकार आहे.’ ‘रुई कापसापासून निघते.’ ‘सरकी कापसापासून निघते.’ ‘ढेप सरकीपासून होते.’ ‘गांठ रुईची असते.’ शिवाय प्रत्येक वस्तूस स्वतःचें असें एकच चिन्ह द्यावयाचें, म्हणजे धुळ्याचें शिरपूर व वाशीमचें शिरपूर कधींही एक होणार नाहींत, आणि दादर व शाळू या दोन नांवांखालीं एकच चिन्ह राहील. एवढें केलें कीं यंत्र अनुमान करूं लागतें. दादर तृणधान्य आहे असें कोणीं त्यास सांगितलेलें नाहीं. पण पहिल्या दोन वाक्यांवरून तें तो स्वतः काढतो. गांठ व क्विंटल यांची बेरीज सांगितली तर तो थांबतो आणि आधीं दोन्ही रुईच्या किलोंत आणतो. धुळें जिल्हा १९९८ पूर्वींचा व नंतरचा, हीं दोन निराळीं चिन्हें असल्यामुळें तो त्यांची आंधळी तुलना करीत नाहीं.

याचा उपयोग कोणास, असें विचाराल तर प्रथम शेतकऱ्यास. समजा, मोबाईलवर बातमी आली कीं कापूस खंडीस ५३,४०० रुपये झाला. शेतकरी आपल्या क्विंटलच्या भावाकडे पाहतो आणि एक तर हुरळतो किंवा लुबाडलों गेलों असें समजतो. वस्तुतः तो भाव ३५६ किलो रुईचा, म्हणजे रुई १५० रुपये किलो झाली. एका क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई धरली तर तिचे ५,१०० रुपये, उरलेल्यांतून ६४ किलो सरकी निघाली व ती ३० रुपये किलो धरली तर तिचे १,९२० रुपये, एकूण ७,०२०. यांतून जिनिंगचा खर्च, वाहतूक व व्यापाऱ्याचा नफा वजा जावयाचा. हें गणित सातवीच्या मुलास येण्याजोगें आहे. कठीण आहे तें खंडी, रुई, सरकी व कापूस यांचें नातें ध्यानांत असणें. तेंच नातें एकदां नीट लिहून ठेवलें, तर भाव सांगणारें यंत्र शेतकऱ्यास त्याच्याच मालाच्या भाषेंत भाव सांगूं शकेल. १४ एप्रिल २०१६ पासून सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय बाजारासारख्या योजनांत निरनिराळ्या राज्यांतील बाजार एकत्र जोडले जात आहेत. तेथें तर ही गरज अधिकच भासते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९८० नंतरच्या दशकांत आरंभिलेला ‘अ‍ॅग्रोवॉक’ हा शेतीविषयक संकल्पनांचा संग्रह आज चाळीसांहून अधिक भाषांत आहे, तो याच गरजेपोटीं.

येथवर हा विषय सोयीचा व नफ्याचा वाटेल. परंतु आमच्या मतें त्याचें खरें गांभीर्य याच्या पुढें आहे. कापूस म्हणजे काय हें ठरवितांना फार तर भाव चुकेल. पण ‘शेतकरी’ म्हणजे कोण, हें ठरवितांना माणूस चुकतो. आपल्याच देशांतील दोन व्याख्या पाहा. २००७ सालच्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानें शेतकरी या शब्दांत जमीनमालकाबरोबर कूळ, वाटेकरी, शेतमजूर यांचाही समावेश केला. २०१९ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधींत वर्षास ६,००० रुपये मिळतात ते मात्र ज्याच्या नांवावर जमीन आहे अशा कुटुंबास. दुसऱ्याची जमीन खंडानें वा बटाईनें कसणारा त्यांत येत नाहीं. पहिल्या व्याख्येनें जो शेतकरी, तो दुसऱ्या व्याख्येनें शेतकरी नव्हे! उन्हांतान्हांत कपाशी वेचणारी जी माउली, तिचें नांव सातबाऱ्यावर नसेल, तर संगणकाच्या दृष्टीनें तिनें कधीं शेती केलीच नाहीं. आपल्याकडे अलीकडे शेतकऱ्यांस ओळख क्रमांक देण्याचें काम चाललें आहे. असा एक क्रमांक पुढें अनेक वह्यांस जोडला जातो. म्हणून आराखड्यांत केलेली एक अरुंद व्याख्या एका कचेरींतच न थांबतां कर्ज, विमा, अनुदान अशा सर्व दारांवर एकदमच कडी घालूं शकते.

यास्तव कोणी म्हणेल कीं असले आराखडे नकोतच. आम्हांस तें मान्य नाहीं. आराखडा न लिहिल्यानें व्याख्या नाहींशी होत नाहीं. ती केवळ दृष्टीआड होते, आणि दृष्टीआडच्या व्याख्येशीं भांडतां येत नाहीं. लिहिलेली व्याख्या निदान वाचतां येते व चुकीची आहे असें दाखवितां येते. शिवाय या तंत्रांतच उपायही आहे. ‘जमीनधारक’ हा एक प्रकार व ‘शेती कसणारा’ हा दुसरा प्रकार असे दोन वेगळे लिहावे. एकच व्यक्ति दोहोंत असूं शकेल, किंवा एकांत असेल व दुसऱ्यांत नसेल. मग कोणत्या योजनेचा लाभ कोणत्या प्रकारास, हा निर्णय राज्यकर्त्यांनीं उघडपणें घ्यावा. शब्दाच्या आड लपून तो घेतला जाऊं नये. व्याख्या कोणीं केली, केव्हां केली व ती बदलण्यास अर्ज कोठें करावा, हेंही तिच्यासोबत लिहिलेलें असावें, असा आमचा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. २०२२ नंतर माणसासारखें बोलणारीं यंत्रें घरोघर आलीं; तीं कोट्यवधि लेख वाचून शब्दाचा अर्थ आपोआप ताडतात; मग हा खटाटोप कशास? हीं यंत्रें उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. पण ताडणें निराळें व ठरविणें निराळें. लोकांनीं जें पुष्कळदां लिहिलें तें त्यांस चांगलें कळतें. अहिराणी बोलणारा हमाल बाजारांत जो शब्द वापरतो तो फारसा कोठें लिहिलेलाच नसेल, तर तीं तो कोठून ताडणार? आणि मित्राच्या पत्रांत अंदाज खपतो, तारणाच्या कागदांत खपत नाहीं. जेथें माणसाचें देणेंघेणें अडकलें आहे, तेथें अर्थ दोन्ही पक्षांनीं मान्य केलेला हवा.

तिसरी गोष्ट आम्ही आपणहून सांगतों. या मार्गांत अति महत्त्वाकांक्षा घातक ठरते. १९८४ सालीं अमेरिकेंत डग्लस लेनॅट यांनीं मनुष्याचें सारें व्यवहारज्ञान यंत्रास लिहून देण्याचा ‘साइक’ नांवाचा उपक्रम आरंभिला. दशकानुदशकें श्रम होऊनही तें काम पुरें झालें नाहीं. जगाचा आराखडा कोणासही पुरा करतां येणार नाहीं. एका जिनिंग कारखान्याचा, एका सोसायटीचा, एका बाजाराचा करतां येईल, आणि आपल्यास तेवढाच हवा आहे.

तो कोण करील? यंत्राचें ज्ञान असलेले अभियंते त्यास लागतीलच. परंतु केवळ त्यांच्यानें तें होणार नाहीं. दादर व शाळू एकच हें शहरांतील अभियंत्यास कोण सांगणार? कोणत्या कापसास ओलीची काट लागते, व फरदडीचा कापूस पहिल्या वेचणीच्या कापसाहून वेगळा कां धरावा, हें जाणणारा मनुष्य कचेरींत बसलेला नाहीं. तो वखारींत व शेतांत आहे. त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर जातें, कारण तें कोणीं लिहून घेतलेलें नसतें.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टींत प्रत्येकानें एक कोरी वही घ्यावी. आपल्या घरीं जो धंदा असेल, शेती, किराणा, सुतारकाम, केळींचा वा मिरचीचा व्यापार, त्यांतील पन्नास शब्द वडिलांस, आईस, आजोबांस विचारून लिहावे. प्रत्येक शब्दापुढें पांच गोष्टी मांडाव्या: हा कशाचा प्रकार आहे, कशापासून होतो, कशानें मोजतात, दुसरें नांव काय, आणि हें आपल्यास कोणीं सांगितलें. अहिराणी शब्द असेल तर तो तसाच लिहावा. शुद्ध मराठींत ओढूं नये. पालकांस विनंति एवढीच कीं, मूल विचारूं लागेल तेव्हां ‘हें तुला काय कळतें’ म्हणून त्यास वाटेस लावूं नये. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपण थट्टेनें म्हणतों. परंतु ज्या वहींत नांव एक व वस्तु दुसरी, ती वही कितीही सुंदर यंत्रांत ठेवली तरी कथलाचीच राहते. आपल्या मालाचें, आपल्या गांवाचें व आपल्या माणसांचें नांव काय असावें आणि त्या नांवाचा अर्थ काय घ्यावा, हें दुसऱ्या कोणीं ठरविण्याच्या आधीं आपण नीट लिहून ठेवलें, तर उद्यांच्या हिशेबांत आपली बाजू मांडावयास आपल्या हातीं कांहींतरी राहील.